विद्यापीठाचा फोन अचानक आला तर? परदेशी शिक्षणासाठी अर्ज करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोन आला तेव्हा मी बसमध्ये उभा होतो. एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडच्या बाई शांतपणे विचारत होत्या, ‘तुम्ही आमच्याकडे कोणत्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला आहे?’ मी पाच विद्यापीठांत अर्ज केले होते. घाईत तोंडातून जे नाव गेलं, ते भलत्याच विद्यापीठातल्या अभ्यासक्रमाचं होतं. बाईंनी मला दुरुस्त केलं नाही, पुढचा प्रश्न विचारला. तो प्रवेश मला मिळाला नाही. अर्ज चांगला होता, गुण चांगले होते, तयारीही होती. पण फोन येईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता अर्ज करणाऱ्या मुलामुलींबरोबर मी बसतो, त्यांचे सरावाचे फोन घेतो. त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं खाली लिहिली आहेत.

हा फोन नक्की कोण करतं?

चार प्रकारचे लोक करतात आणि प्रत्येकाचा हेतू वेगळा असतो.

पहिलं म्हणजे विद्यापीठाचं प्रवेश कार्यालय. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला ‘कॅस’ क्रमांक, म्हणजे प्रवेश दिल्याची खूण, लागतो आणि तो देण्याआधी बरीच विद्यापीठं विद्यार्थ्याशी बोलून घेतात. ऑस्ट्रेलियात ‘सीओई’, म्हणजे प्रवेश निश्चित झाल्याचं पत्र, देण्याआधीही असं बोलणं होतं. दुसरा व्हिसा अधिकारी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे अधिकारी अर्ज तपासता तपासता थेट अर्जदाराला फोन लावू शकतात. अर्जात लिहिलेल्या कंपनीला किंवा खर्च उचलणाऱ्या नातेवाइकालाही लावू शकतात. तिसरे प्राध्यापक, म्हणजे पीएचडी किंवा संशोधनाच्या जागेसाठी अर्ज केला असेल तर. आणि चौथा भामटा. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

अमेरिकेचं थोडं वेगळं आहे. तिथली व्हिसाची मुलाखत तारीख घेऊन, दूतावासात समोरासमोर होते. त्यामुळे अमेरिकेहून अचानक फोन आला, तर तो बहुधा विद्यापीठाचा किंवा प्राध्यापकांचा असतो.

प्रत्येकालाच फोन येतो का?

नाही. शिक्षणात खंड पडलेला असेल, विषय बदललेला असेल किंवा आधी व्हिसा नाकारलेला असेल, तर शक्यता वाढते. पण सगळं सरळसोट असलेल्यांनाही फोन आलेले मी पाहिले आहेत. येणारच असं धरून राहा.

पण आधी कळवून का करत नाहीत?

काही वेळा कारण अगदी साधं असतं. अधिकाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. तो एक अर्ज उघडतो, शंका आली की फोन लावतो आणि पुढच्या अर्जाकडे वळतो. त्यात खास तुमच्यावर डाव टाकण्याचा हेतू नसतो.

काही वेळा मात्र हे मुद्दाम केलेलं असतं. आठवडाभर आधी कळवलं की पाठ केलेली उत्तरं ऐकायला मिळतात. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की हा अर्ज ज्याच्या नावाने आला आहे त्यानेच तो लिहिला आहे का, निदान नीट वाचला आहे का.

यामागे विद्यापीठांची स्वतःची काळजीही आहे. खऱ्या विद्यार्थ्याची खात्री पटली नाही तर व्हिसा नाकारण्याचा अधिकार ब्रिटनच्या व्हिसा अधिकाऱ्यांना जुलै २०१२ मध्ये मिळाला. विद्यापीठाने बोलावलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांचा व्हिसा नाकारला गेला, याचा हिशेब सरकार ठेवतं. अशा नकारांची कमाल मर्यादा अनेक वर्षं १० टक्के होती आणि ती ५ टक्क्यांवर आणण्याचं धोरण सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं. मर्यादा ओलांडली तर परदेशी विद्यार्थी घेण्याचा विद्यापीठाचा परवानाच अडचणीत येतो. म्हणून व्हिसा अधिकारी जे विचारेल ते विद्यापीठ आधीच विचारून घेतं. फोनवरच्या माणसाच्या आवाजात कधी रुक्षपणा जाणवला तर हे लक्षात ठेवा. राग तुमच्यावर नसतो.

अर्जात माझ्या एजंटने स्वतःचाच नंबर आणि ईमेल टाकला आहे. काही बिघडतं का?

खूप बिघडतं. या पानावरची एकच गोष्ट लगेच करणार असाल तर ही करा. अर्ज उघडा, संपर्काच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एजंटचा नंबर असेल तर फोन त्याच्या ऑफिसात वाजेल. तिथे कुणीतरी ‘ती आत्ता नाहीये’ म्हणेल. त्याहून वाईट म्हणजे तुमच्या जागी दुसरंच कुणी बोलेल आणि तुम्हाला ते कळणारही नाही. उद्या व्हिसा अधिकाऱ्याने तुम्हाला तेच विचारलं आणि उत्तर जुळलं नाही, तर खोटं बोलल्याचा ठपका तुमच्या नावावर बसतो. एजंटच्या नावावर नाही.

नंबर तुमचा हवा, देशाच्या कोडसकट हवा आणि प्रवेशाचा निकाल लागेपर्यंत तोच चालू हवा. मध्येच सिम बदललं तर विद्यापीठाच्या पोर्टलवर आणि व्हिसाच्या खात्यात, दोन्हीकडे बदला. ऑस्ट्रेलियासाठी हे ‘इमीअकाउंट’मध्ये होतं. ईमेलही स्वतःचाच द्या आणि त्याचा पासवर्ड स्वतःकडेच ठेवा. एजंटला हवं तर प्रत पाठवता येते.

आणि अर्जासोबत जोडलेलं हेतूपत्र एजंटने लिहून दिलं असेल तर आज रात्री बसून ते वाचा. जे वाक्य तुमच्या तोंडी येणारच नाही ते खोडा आणि आपल्या शब्दांत लिहा. अर्ज पाठवून झाला असेल तरीही वाचा, कारण फोनवरच्या माणसासमोर तोच कागद असणार आहे.

फोन आला आणि वाजलाच नाही, असं होऊ शकतं का?

सहज होतं. अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय आयफोनमध्ये २०१९ पासून आहे आणि अनेकांनी ती कधीतरी चालू करून ठेवलेली असते. कॉल ओळखणारी ॲप्स परदेशी नंबरला लाल रंगात ‘स्पॅम’ दाखवतात. रात्रीचा ‘डू नॉट डिस्टर्ब’ सकाळपर्यंत चालू राहतो. अर्ज पाठवल्यापासून निकाल लागेपर्यंत हे सगळं बंद ठेवा.

ब्रिटनचा नंबर +४४ ने सुरू होतो, ऑस्ट्रेलियाचा +६१, न्यूझीलंडचा +६४, आयर्लंडचा +३५३, तर अमेरिका आणि कॅनडा दोघांचाही +१ ने. मात्र इंटरनेटवरून लावलेला कॉल नंबराशिवायही येऊ शकतो. त्यामुळे नंबर दिसला नाही म्हणून फोन कापू नका.

मी रस्त्यावर, वर्गात किंवा कामावर असताना फोन आला तर?

तर वेळ मागा. मी बसमध्ये हेच केलं नाही. मला वाटलं, वेळ मागितली तर संधी जाईल. आज इतके फोन ऐकल्यावर सांगतो, नम्रपणे मागितलेल्या दहा मिनिटांनी नुकसान होत नाही. गोंगाटात दिलेल्या अर्धवट उत्तरांनी होतं.

काय म्हणायचं ते आधीच ठरवून ठेवा. नमस्कार करा, फोन केल्याबद्दल आभार माना, ‘मी आत्ता बाहेर आहे, तुमचं बोलणं मला नीट ऐकू यायला हवं, दहा मिनिटांत बोललो तर चालेल का?’ एवढं विचारा. समोरच्याचं नाव आणि विभाग विचारून लिहून घ्या. तुम्ही उलट फोन करायचा की ते करणार, हे त्याच वेळी स्पष्ट करून घ्या.

ते ‘आत्ताच बोलावं लागेल’ म्हणाले तर वाद घालू नका. जिना, रिकामी खोली, बंद दाराआडचा कोपरा, जे मिळेल तिथे जा आणि बोला. गाडी चालवत असाल तर मात्र आधी बाजूला थांबवा.

फोन खरा आहे की फसवणूक, हे कसं ओळखायचं?

परदेशी शिक्षणाच्या अर्जदारांना लुबाडणारे बरेच आहेत आणि ते नेमके प्रवेशाच्या हंगामातच फोन करतात. त्यांची ओळख एका गोष्टीवरून पटते. खरा अधिकारी प्रश्न विचारतो. भामट्याला पैसे हवे असतात, ओटीपी हवा असतो, कार्डाचा नंबर हवा असतो, आणि हे सगळं ‘आत्ताच्या आत्ता’ हवं असतं. मुलाखतीच्या फोनवर यातलं काहीही मागितलं गेलं तर फोन ठेवा. ‘जागा जाईल’, ‘व्हिसा रद्द होईल’ म्हटलं तरी ठेवा.

स्क्रीनवर विद्यापीठाचाच नंबर दिसला तरी तेवढ्यावर विसंबू नका, कारण नंबर बनावट दाखवता येतो. शंका आली तर म्हणा, ‘मी तुमच्या कार्यालयाच्या नंबरवर फोन करून आपल्याशी बोलतो.’ मग फोन ठेवून विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा नंबर स्वतः शोधा आणि तिथे लावा. आलेल्याच नंबरवर उलट लावू नका. ईमेल आला असेल तर पत्त्याचा शेवट बघा. ब्रिटिश विद्यापीठांचे पत्ते सहसा ‘डॉट एसी डॉट यूके’ ने संपतात, ऑस्ट्रेलियातल्यांचे ‘डॉट ईडीयू डॉट एयू’ ने. नेहमीच्या फुकट मेलवरून ‘प्रवेश विभाग’ लिहीत असेल तर समजून जा.

इथे एक खुलासा करायला हवा. खरा अधिकारीही सुरुवातीला तुमची जन्मतारीख किंवा अर्जाचा क्रमांक विचारतो, कारण आपण योग्य माणसाशी बोलत आहोत ना, हे त्यालाही बघायचं असतं. तेवढ्याने घाबरून फोन कापू नका. मनात किंतु असेल तर उलट विचारा, ‘माझ्या अर्जातला अभ्यासक्रम आणि तो सुरू होण्याचा महिना आपण सांगाल का?’ ज्याच्यासमोर अर्ज आहे त्याला हे लगेच सांगता येतं.

काय काय विचारतात?

प्रश्न साधे असतात. हाच अभ्यासक्रम का? हेच विद्यापीठ का? आपल्या देशात का नाही? कोणते विषय शिकणार? अभ्यासक्रम किती महिन्यांचा? राहणार कुठे? खर्च कोण करणार? पुढे काय करणार? यादी इथेच संपते. मुलं अडकतात ती या प्रश्नांवर नाही, त्यांच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावर.

माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीला सरावात मी विचारलं, ‘हेच विद्यापीठ का?’ ती म्हणाली, ‘तिथे जागतिक दर्जाच्या सुविधा आहेत आणि प्राध्यापक अनुभवी आहेत.’ मी विचारलं, ‘कोणत्या सुविधा?’ ती म्हणाली, ‘लॅब वगैरे.’ ‘कोणती लॅब?’ मग शांतता. ती हुशार होती, तिचा विषय तिला मनापासून आवडत होता. पण ते वाक्य तिचं नव्हतंच. कुठल्यातरी माहितीपत्रकातून ते अर्जात आलं होतं आणि अर्जातून तोंडात.

आम्ही पुन्हा सुरुवात केली. मी म्हटलं, संकेतस्थळ बाजूला ठेव आणि सांग, तू हा कोर्स पहिल्यांदा का उघडलास? ती म्हणाली, ‘मी पदवीला पुराच्या अंदाजावर प्रकल्प केला. माझ्याकडे पावसाचे आकडे होते, पण काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांचं विश्लेषण कसं करायचं ते मला येत नव्हतं. या कोर्सच्या दुसऱ्या सत्रात नेमका तोच विषय आहे. मी पाहिलेल्या बाकीच्या दोन कोर्समध्ये तो नव्हता.’ तिला म्हटलं, हेच तुझं उत्तर. यावर दहा उपप्रश्न आले तरी ती बोलू शकत होती, कारण ते तिच्या आयुष्यातून आलं होतं.

तेव्हा पाठ करायचंच असेल तर वाक्यं नको, वस्तुस्थिती पाठ करा. कोर्सचं पूर्ण नाव, कालावधी, सुरू होण्याची तारीख, शिकवल्या जाणाऱ्या विषयांपैकी किमान तीन आणि त्यातला तुम्हाला सर्वांत जवळचा एक, शेवटी प्रबंध आहे की प्रकल्प, एकूण फी, त्यातली भरलेली रक्कम, शहराचं नाव आणि विद्यापीठाचा कोणता परिसर. एकाच विद्यापीठाचे दोन शहरांत परिसर असतात आणि ‘तुम्ही नक्की कुठे शिकणार?’ या प्रश्नावर भले भले गडबडतात. वसतिगृहात राहणार की बाहेर, तिथून विद्यापीठ किती दूर, हेही बघून ठेवा. आपण एखाद्या ठिकाणी खरंच राहायला जाणार असलो की हे सगळं आपण आपसूक शोधतो. अधिकारी हेच ताडून बघतो.

‘आपल्या देशात का नाही?’ या प्रश्नाला आपल्या देशातल्या शिक्षणाला नावं ठेवून उत्तर देऊ नका. तुम्ही इथे कोणते पर्याय पाहिले आणि त्यात तुम्हाला हवं ते काय नव्हतं, एवढंच सांगा. एकही पर्याय पाहिला नसेल तर फोन येण्याआधी पाहा.

ऑस्ट्रेलियासाठी अर्ज करत असाल तर आणखी एक लक्षात घ्या. २३ मार्च २०२४ पासून तिथे ‘जेन्युइन स्टुडंट’ ही अट लागू आहे. अर्जातच प्रश्न असतात आणि प्रत्येकाचं उत्तर जास्तीत जास्त १५० शब्दांत लिहायचं असतं. फोनवरचे प्रश्न बहुधा त्या उत्तरांतूनच फुटतात. ती उत्तरं छापून जवळ ठेवा.

पैशांबद्दल किती खोलात जातात?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त. ‘बाबा खर्च करणार आहेत’ इथे उत्तर थांबत नाही. बाबा काय करतात, किती वर्षं करतात, वर्षाचं उत्पन्न किती, घरात आणखी कोण शिकतंय, हे पुढे येतंच. आपल्याकडे घरात मुलांशी पैशांचं बोलणं टाळतात आणि इथे ते अंगाशी येतं. फोन येण्याआधी आई-बाबांबरोबर एक संध्याकाळ बसा आणि त्यांना सरळ विचारा. आकडे त्यांच्या तोंडून ऐका.

शैक्षणिक कर्ज असेल तर बँकेचं नाव, रक्कम आणि ते नुसतं मंजूर झालं आहे की रक्कम वितरितही झाली आहे, हे माहीत हवं. अर्जाच्या थोडं आधी खात्यात मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचं खरं आणि कागदावर दाखवता येईल असं उत्तर हवं. ब्रिटनच्या नियमानुसार लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि हा २८ दिवसांचा काळ अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत संपलेला असावा लागतो. हे आकडे ज्याला तोंडपाठ असतात त्याने आपला व्हिसा-अर्ज स्वतः भरला आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

नोकरी करणार का, असंही विचारतात. ब्रिटनमध्ये पदवीच्या किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८ तास काम करता येतं. ही मर्यादा माहीत आहे असं सांगा. पण फी त्या कमाईतून भरणार असं म्हणालात तर तिथेच गणित फसतं.

शिक्षण संपल्यावर परत येणार का, असं विचारलं तर काय सांगू?

खरं सांगा, पण ज्या देशाचा फोन आहे त्याचा नियम आधी समजून घ्या. सगळीकडे एकच पाठ उत्तर देणं चुकीचं आहे. अमेरिकेच्या कायद्यात, कलम २१४(ब) प्रमाणे, विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्याला तिथे कायमचं राहायचं आहे असंच आधी धरलं जातं आणि तसं नाही हे पटवण्याची जबाबदारी तुमची असते. ऑस्ट्रेलियाने मात्र ‘तात्पुरता प्रवेश’ ही जुनी अट काढून २०२४ मध्ये नवी आणली. आता पाहतात ते तुमचा मुख्य हेतू शिकण्याचा आहे का हे. ब्रिटनमध्ये शिक्षणानंतर कामासाठी ‘ग्रॅज्युएट रूट’ जुलै २०२१ पासून आहे. त्याची मुदत दोन वर्षांची, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएचडी वगळता, १८ महिनेच मिळणार आहेत.

असा व्हिसा आहे हे माहीत असणं गैर नाही. फक्त ‘हा कोर्स का?’ या प्रश्नाचं उत्तर तो व्हिसा असेल, तर समोरच्याला पुढचं काही ऐकायचं उरत नाही. पाच वर्षांनी कोणतं काम करत असाल, कुणासाठी, या शिक्षणातलं त्यात काय वापराल, हे दोन-तीन वाक्यांत सांगता आलं पाहिजे.

आधी एकदा व्हिसा नाकारला होता. तो विषय टाळला तर चालेल?

नाही. त्यांना तो दिसतो किंवा दिसू शकतो. कुठल्याही देशाने नाकारला असेल आणि तुम्हाला थेट विचारलं, तर देश, वर्ष आणि कारण सांगा आणि आता काय बदललं ते सांगा. नकार लपवल्याची शिक्षा नकारापेक्षा कितीतरी मोठी असते. अर्जात फसवणूक आढळली तर ब्रिटन १० वर्षं दार बंद करू शकतं. कॅनडात ही मुदत ५ वर्षांची आहे, ऑस्ट्रेलियात खोट्या माहितीसाठी ३ वर्षांची.

शिक्षणातल्या खंडाचंही तसंच. आजारपण, घरची जबाबदारी, परीक्षेची तयारी जमली नाही, जे असेल ते. कारण साधं असलं तरी चालतं. लाजून त्या जागी बनावट नोकरीचं पत्र जोडणारी मुलं मी पाहिली आहेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट सांगितली असती तर ती पटण्यासारखी होती.

समोरच्याचे उच्चारच कळले नाहीत तर?

‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ असं विचारा. दुसऱ्यांदाही कळलं नाही तर, तुम्हाला जे समजलं ते आपल्या शब्दांत सांगून ‘असंच विचारताय ना?’ म्हणून खात्री करा. न कळलेल्या प्रश्नाला अंदाजाने ‘येस’ म्हणू नका. ‘तुमचा व्हिसा कधी नाकारला गेला आहे का?’ या प्रश्नाला चुकून ‘येस’ म्हणालात तर केवढा घोळ होईल, विचार करा.

परदेशातून येणाऱ्या कॉलमध्ये आवाज किंचित उशिरा पोहोचतो. दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात. प्रश्न संपल्यावर मनात एक आकडा मोजा आणि मग बोला. फोनवर मान डोलावलेली दिसत नाही, म्हणून विचार करायला वेळ हवा असेल तर तसं बोलून दाखवा. इंग्रजी अलंकारिक नको, स्वच्छ हवं. छोटी वाक्यं, सावकाश.

समोर कागद ठेवला तर चालतो का? आणि एआय?

एक कागद जरूर ठेवा. तारखा, विषय, रकमा, एवढंच त्यावर. पूर्ण वाक्यं लिहिलीत तर तुम्ही ती वाचणार, आणि वाचण्याचा सूर ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतो. एआयला प्रश्न टाइप करून उत्तर मिळवायचा विचार सोडून द्या. कळांचा आवाज जातो, उत्तराआधी दरवेळी सारखाच विराम पडतो, आणि येणारं उत्तर तुमच्या अर्जातल्या माणसाचं नसतं. सरावाच्या वेळी अवघड प्रश्न काढून घ्यायला एआय वापरा, तिथे त्याचा उपयोग आहे.

फोन घरी आईने किंवा आजोबांनी उचलला तर?

घरच्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांनी फोन कापायचा नाही आणि तुमच्या वतीने उत्तरंही द्यायची नाहीत. नाव, नंबर, वेळ लिहून घ्यायची आणि तुम्ही कधी भेटाल ते सांगायचं, बस. खर्च उचलणाऱ्याला स्वतंत्र फोन आला असेल तर मात्र त्यांनीच बोलायचं. त्यांना इंग्रजी अवघड जात असेल तर आपल्या भाषेत बोलता येईल का, हे त्यांनी निःसंकोच विचारावं.

पीएचडीच्या प्राध्यापकांचा फोन वेगळा असतो का?

पूर्णपणे. ते तुमची सचोटी तपासत नसतात, पुढची चार-पाच वर्षं आपण एकत्र काम करू शकू का याचा अंदाज घेत असतात. तुमच्या प्रबंधात काय चुकलं, पुन्हा केलात तर काय बदलाल, हे ते हमखास विचारतात. त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचलेले असू द्या आणि त्यांना विचारण्यासारखा एक खरा प्रश्न तयार ठेवा. ‘मला हे माहीत नाही, पण मी ते असं शोधेन’ हे उत्तर इथे फार चांगलं समजलं जातं.

त्यांनी फोनवरच ‘येणार ना?’ विचारलं तर आनंद व्यक्त करा, पण लेखी पत्र पाहून कळवतो म्हणा. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार, आर्थिक साहाय्यासह मिळालेल्या जागेला उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते.

मी बोलताना अडखळतो. फोन ही माझ्यासाठी फार मोठी अडचण आहे.

मग ते आधीच लेखी कळवा, फोन येण्याची वाट बघू नका. अडखळणं असो, कमी ऐकू येणं असो, व्हिडिओवर किंवा लेखी बोलणं शक्य आहे का, जास्त वेळ मिळेल का, असं विचारा. ब्रिटनमध्ये अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी योग्य ते बदल करणं २०१० च्या समानता कायद्याने विद्यापीठांवर बंधनकारक आहे. इतर देशांतल्या विद्यापीठांतही यासाठी विभाग असतात. अशी मागणी करणं म्हणजे सवलत मागणं नव्हे.

फोन चुकला. आता काय?

त्याच दिवशी ईमेल पाठवा. विषयाच्या ओळीत नाव आणि अर्ज क्रमांक. मजकुरात कोणत्या नंबरवरून किती वाजता फोन आला होता ते, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांतल्या तुमच्या मोकळ्या वेळा. वेळ लिहिताना त्यांची आणि आपली, दोन्ही लिहा, नुसतं ‘उद्या सकाळी’ नको. घड्याळं पुढे-मागे होतात हेही ध्यानात ठेवा. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. सिडनी आणि मेलबर्नमध्ये ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. ब्रिस्बेनमध्ये बदलतच नाही.

फोनवर चुकीचं बोलून गेलो. दुरुस्त करता येतं का?

येतं, आणि मी त्या बसमधून उतरल्यावर तेच करायला हवं होतं. फोन ठेवल्याबरोबर प्रश्न आणि आपली उत्तरं आठवतील तशी लिहून काढा. कुठे चुकीचा आकडा किंवा नाव सांगितलं असेल तर त्याच दिवशी तीन ओळींचा ईमेल करा: हे विचारलं होतं, मी चुकून हे म्हणालो, बरोबर हे आहे. सबबी नकोत. उत्तर ‘अजून छान’ करण्यासाठी मात्र ईमेल करू नका, फक्त चूक असेल तरच.

सराव कसा करू?

आरशासमोर करू नका, फोनवरच करा. तुमचा अर्ज एखाद्या मित्राला किंवा ताईला वाचायला द्या आणि सांगा, येत्या आठवड्यात कधीही, न सांगता, तीनदा फोन कर. प्रत्येक उत्तरानंतर ‘म्हणजे नक्की काय?’ एवढंच विचार. कॉल रेकॉर्ड करून रात्री ऐका. पहिल्या फोनला बहुतेकांचं अवसान गळतं. तिसऱ्या फोनपर्यंत आवाज बसलेला असतो आणि अर्जातल्या कोणत्या दोन ओळी आपल्या नाहीत, हेही समजलेलं असतं.

फोननंतर नकार आला तर?

कुणी नाकारलं ते आधी बघा. विद्यापीठाने नाकारलं असेल तर कारण विचारा. काही ठिकाणी दुसरी मुलाखत मिळते, काही ठिकाणी पुढच्या प्रवेशसत्रासाठी नव्याने अर्ज करता येतो. ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा देशाबाहेरून अर्ज करून नाकारला गेला असेल आणि निर्णयात चूक झाली आहे असं वाटत असेल, तर २८ दिवसांच्या आत फेरतपासणीसाठी अर्ज करता येतो. नकारपत्रात तुमची कोणती उत्तरं पटली नाहीत ते लिहिलेलं असतं. फोननंतर लिहून काढलेला तो कागद शेजारी ठेवून ते पत्र ओळ न् ओळ ताडून बघा.